पायावरची पिसं

खिडकीच्या काचेवर टकटक झाली, ओदीलचा हात हलला आणि चाळीस मिनिटांच्या कामाचे दोन तुकडे झाले.

काम होतं कातडी सोडवायचं. कोंबडीच्या सात दिवसांच्या गर्भाच्या पाठीची कातडी नखाएवढी असते आणि तेवढ्यातही तिला दोन थर असतात, एक वरचा आणि एक आतला. मायक्रोस्कोपखाली बारीक सुयांनी ते एकमेकांपासून सुटे करायचे, जराही न फाडता. ओदील शार्वे हे काम चार वर्षं करत होती आणि फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या त्या प्रयोगशाळेत तिच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. निदान ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारपर्यंत तरी नव्हता.

तिने मान वर केली. बाहेर धुकं होतं आणि धुक्यात एक टोपीवाला माणूस अंड्यांची तीन खोकी छातीशी कवटाळून उभा होता. हात मोकळे नव्हते म्हणून तो कपाळाने काच वाजवत होता.

“दार कुठंय?” त्याने विचारलं.

“दार दाराच्या जागी आहे. ही खिडकी आहे.”

“ते मलाही कळलं हो… पण दार काही सापडेना.”

शेवटी तो मागच्या बाजूने आत आला. आर्मां वेरे. वर डोंगरात त्यांची कोंबड्यांची वाडी होती आणि प्रयोगशाळेला अंडी गेली अकरा वर्षं तिथूनच यायची. आजवर म्हातारे वेरे यायचे, पण त्यांचे गुडघे गेले, म्हणून आता मुलगा. तिशी ओलांडलेला, हातापायांनी दणकट आणि खोकी खाली ठेवताना मात्र असा हलका, की एकाही अंड्याचा आवाज झाला नाही. ओदीलचा चेहरा पाहून त्याने विचारलं की आपलं काही चुकलं का.

“तुम्ही आत्ता एका पिल्लाची पाठ फाडलीत,” ती म्हणाली.

त्याला इतकं वाईट वाटलेलं दिसलं, की तिचा राग निम्म्यावर आला. मग तिने त्याला दुसरा, न फाटलेला तुकडा दाखवला. भिंगात डोकावण्याआधी त्याने टोपी काढून हातात घेतली, देवळात शिरताना काढतात तशी. ओदीलला ते आवडलं. अशा बारीकसारीक गोष्टी आवडायला लागल्या की माणसाने सावध व्हायला हवं, पण ती काही झाली नाही.

पाठीच्या मधोमध ठिपक्यांची एक रेघ होती. तिच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक रेघ, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या रेघेतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये.

“लसूण लावल्यासारखं दिसतंय,” तो म्हणाला. “कोण लावतं हे?”

तिने सांगितलं. प्रत्येक ठिपक्यातून एक पीस येणार. वरच्या कातडीला स्वतःहून काही सुचत नाही. इथे पीस काढ, तिथे खवला काढ, असं आतला थर सांगतो आणि वरची तसं करते. आतला थर काढून घेतला तर वरची नुसती गुळगुळीत राहते, तिच्यावर काहीच उगवत नाही.

“म्हणजे आतली बोलते नि वरची ऐकते.”

“साधारण तसंच.”

“आमच्याकडे उलटं होतं. आई वरून बोलायची आणि बाबा तळघरात बसून ऐकायचे.”

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हळूच विचारलं, “होतं?”

“गेल्या वर्षी गेली ती,” तो त्याच सुरात म्हणाला आणि पुन्हा भिंगात बघू लागला.

पुढच्या मंगळवारी तो दारातून आला आणि खोक्यांबरोबर अक्रोडांची एक पिशवी घेऊन आला.

“ही लाच का?” तिने विचारलं.

“दंड. फाडलेल्या पाठीचा.”

तेव्हापासून मंगळवारची कॉफी दोघांची व्हायला लागली. ग्रनोबलला नोव्हेंबरात धुकं एकदा खाली बसलं, की आठवडेच्या आठवडे उठत नाही. दुपारी बारालाही दिवे लागलेले असतात, माणसं खाली मान घालून चालतात आणि सगळ्या शहराला एकच सर्दी झालेली असते. त्या काळोख्या दिवसांत ओदीलला मंगळवार तेवढा उजळ वाटायचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस मादाम ब्रोशिए यांना सांगावं लागलंच नाही, कारण ही मुलगी मंगळवारी केस धुऊन येते हे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात टिपलं होतं.

एकदा ओदीलने तक्रार केली, की दहातली तीन अंडी रिकामी निघतात.

“तुमचे कोंबडे करतात काय दिवसभर?”

आर्मां कानापर्यंत लाल झाला. “म्हातारे झालेत… मी बोलतो त्यांच्याशी.”

दोन आठवड्यांनी तो तीनऐवजी चार खोकी घेऊन आला. चौथ्यातल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने ओदीलच्या नावाचं पहिलं अक्षर काढलेलं होतं. पेन्सिलीनेच, कारण शाई अंड्याच्या कवचातून आत उतरते हे तिनेच त्याला सांगितलं होतं. ही फक्त तुमची, तो म्हणाला, इतरांना द्यायची नाहीत. रंगाने, आकाराने इतरांसारखीच होती, पण उबवल्यावर पाहिलं तर एकही रिकामं नव्हतं. त्यानंतरच्या आठवड्यातही नव्हतं.

तिने विचारायला हवं होतं, की यांत वेगळं काय आहे. कुठल्याही प्रयोगाची ती पहिली पायरी. पण कुणी आपल्याला सगळ्यांतून वेगळं काढून काही देतं, तेव्हा ते हातात धरून बसावंसं वाटतं, तपासावंसं वाटत नाही. तिने गालातल्या गालात हसून खोकं उबवणीच्या यंत्राजवळ नेऊन ठेवलं.

शिवाय प्रयोगशाळेची एक जुनी पद्धत होती. ज्यांना कसलंही औषध दिलेलं नाही अशी वीस साधी अंडी मादाम ब्रोशिए दर आठवड्याला सगळ्यांसाठी मिळून एकदाच उबवत आणि जो तो आपली अंडी त्यांच्याशी ताडून बघे. सगळ्यांची अंडी एकाच वाडीतली, मग प्रत्येकाने आपली साधी अंडी वेगळी कशाला ठेवायची? अकरा वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

ओदीलचा प्रयोग पायाचा होता. कोंबडीच्या अंगावर पिसं येतात आणि पायावर खवले, पण सुरुवातीला कातडी दोन्हीकडे सारखीच असते. मग खवल्याला उशिरा का होईना, पीस करता येईल का? दहाव्या दिवशी ती अंड्यात अ जीवनसत्त्वापासून काढलेल्या औषधाचा थेंब सोडायची आणि अठराव्या दिवशी अंडं उघडायची. तीन वर्षं पायांवर खवलेच निघाले होते, एकापुढे एक, शहाण्या मुलांसारखे बसलेले.

नाताळच्या आधी तिने तीस अंडी उघडली. चौदा पिल्लांच्या पायाच्या नळीच्या बाहेरच्या कडेला, खवल्यांमधून, बारीक ओली पिसं आलेली होती.

ती स्टुलावर बसली. मग उठून व्हरांड्यात गेली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. मादाम ब्रोशिएंच्या साध्या अंड्यांत एकाच्याही पायावर पीस नव्हतं. जानेवारीत पुन्हा तसंच झालं. एकच गोष्ट तिला खुपत होती. औषध थोडं दिलं काय नि दुप्पट दिलं काय, पिसं निम्म्याच पिल्लांना यायची. तिने ते वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पण प्रयोगशाळेचे प्रमुख, प्रोफेसर रव्होल, इतके खूश होते, की त्या चिन्हाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यांनी तिला एवढंच बजावलं, की छापून येईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही, पॅरिसच्या प्रयोगशाळेतले लोक टपलेले आहेत.

शिवाय मार्चमध्ये पॅरिसला ओदीलची मुलाखत होती. संशोधकाची एक जागा, कायमची, इथेच ग्रनोबलमध्ये. ती मिळाली नाही तर उन्हाळ्यात ओदीलची शिष्यवृत्ती संपणार होती आणि सप्टेंबरपासून पार उत्तरेला, लीलच्या एका शाळेत तिला शिकवायला जावं लागणार होतं. मायक्रोस्कोप सुटणार, मंगळवारही सुटणार.

“झालं!” तिने आर्मांला सांगितलं.

“काय झालं?”

“ते सांगता येत नाही.”

“मुलगा की मुलगी, एवढं तरी?”

ती हसत सुटली. दोघं बाहेर पडली आणि नदीकाठाने चालू लागली. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तिने जागेबद्दल सांगितलं, लीलबद्दल सांगितलं. चालता चालता तो थांबला.

“म्हणजे… ते काय झालंय ते नीट पार पडलं, तर तू इथेच राहशील?”

आजवर तो तिला ‘तुम्ही’ म्हणत होता. आता ‘तू’ म्हणाला आणि आपण काय म्हणालो ते कळून त्याच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. ओदीलने त्याच्या गळपट्ट्याची टोकं धरून त्याला खाली ओढलं. धुक्यात चार पावलांवरचं माणूस दिसत नाही. दोघांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो तिला घरी घेऊन गेला. गाडी वळणावळणाने चढत होती आणि एका वळणावर धुकं अचानक संपलं. ऊन होतं. पाच आठवड्यांत तिने सूर्य पाहिला नव्हता, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हातारे वेरे शेगडीशी पाय शेकत बसले होते. त्यांनी तिला साय घालून भाजलेले बटाटे दोनदा वाढले आणि दोन्ही वेळा मुलाकडे बघून डोळा मारला. जेवण झाल्यावर आर्मांने तिचा हात धरून तिला घरामागच्या जाळीपाशी नेलं. काहीतरी दाखवायचं होतं म्हणे, केव्हापासून दाखवायचं होतं.

जाळीच्या आत बारा पांढऱ्या कोंबड्या होत्या आणि एक थोराड कोंबडा, तांबूस सोनेरी. पायांत पायजमा घातल्यासारखा तो चालत होता. पार बोटांपर्यंत त्याला पिसं होती.

“हा बघ. तुझ्या सगळ्या अंड्यांचा बाप,” आर्मां म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “आईने हौसेने पाळलेली जात. आता हा एकटाच उरलाय, तोही अर्धा साध्या जातीचा. तू म्हणालीस ना अंडी रिकामी निघतात, म्हणून बारा कोंबड्या निवडून ह्याच्याजवळ सोडल्या. खास तुझ्यासाठी.”

ओदील चिखलात उकिडवी बसली.

“कधीपासून?”

“नोव्हेंबरपासून. का गं?”

“आणि बाकीच्या खोक्यांतली अंडी?”

“ती जुन्या कोंबड्यांची. साध्या पायांच्या.”

साध्या पायांच्या. मादाम ब्रोशिएंची वीस अंडी त्या खोक्यांतली होती. निम्म्या पिल्लांना पिसं येत होती, कारण निम्म्या पिल्लांनी बापाचे पाय घेतले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगता आलं असतं. औषधाने काहीही केलेलं नव्हतं.

मग तिने त्याला सगळं सांगितलं, दोन महिने दाबून ठेवलेलं. ‘पायांवर पिसं आली’ एवढं एकच वाक्य तिने डिसेंबरात बोलून दाखवलं असतं, तर तो तिथल्या तिथे हसून म्हणाला असता, की असले पाय आमच्याकडे आहेत. तो हातात टोपी धरून ऐकत राहिला.

“कोणाकोणाला माहीत आहे हे?” त्याने शेवटी विचारलं.

“आपल्या दोघांना.”

“मग आज ह्याला कापतो,” तो म्हणाला. तो तिच्याकडे नाही, कोंबड्याकडे बघत होता. “हंडीत गेला की संपलं. कुणाला कधी कळणार नाही. तुला जागा मिळेल… तू राहशील.”

आईची शेवटची आठवण तो कापायला निघाला होता, तिच्यासाठी. ओदीलला ते कळलं आणि तरीही त्या क्षणी तिला त्याचा भयंकर राग आला. त्याने खोटं सुचवलं म्हणून नव्हे. तो बोलण्याआधी तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं म्हणून.

“मला खाली सोड,” ती म्हणाली.

गाडी खाली उतरू लागली. त्याच वळणावर धुकं पुन्हा लागलं.

सोमवारी तिने प्रोफेसर रव्होलना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले की मुलाखतीला अजून वेळ आहे, साध्या खोक्यातली अंडी घेऊन आजच पुन्हा मांडा. तिने तीस औषधाची आणि तीस बिनऔषधाची उबवायला ठेवली. त्या अठरा दिवसांत आर्मां आला नाही. खोकी शेजारच्या वाडीतला ड्रायव्हर आणून टाकायचा, मोजून तीन. तिला त्याची आठवण यायची आणि आठवण आली की रागही यायचा. मग राग स्वतःचा यायचा, कारण तपासायचं काम त्याचं नव्हतं, तिचं होतं.

अठराव्या दिवशी तिने साठ अंडी उघडली. खवले, सगळीकडे खवले. शेवटचा पाय तिने भिंगाखाली कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिला, एखादं तरी पीस सापडेल म्हणून. मादाम ब्रोशिए मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दिवा मालवला.

मुलाखतीच्या समितीला पाठवलेल्या कागदांत पायावरच्या पिसांचं सगळं आधीच लिहून गेलं होतं. प्रोफेसरांनी सुचवलं, की तो विषय निघू देऊ नका, जुन्या कामावर बोला. ओदील गेली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने तोच विषय काढला. एप्रिलमध्ये पत्र आलं. जागा स्ट्रासबुर्गच्या एका माणसाला मिळाली होती.

सप्टेंबरात, निघायच्या सकाळी, आर्मां स्टेशनवर उभा होता. गाडीची वेळ मादाम ब्रोशिएंनीच त्याला कळवली होती. त्याने चांगला कोट घातला होता आणि तो तिला वाळल्यासारखा दिसला.

“सामान एवढंच आहे तुमचं?” त्याने विचारलं.

ते ‘तुमचं’ तिला लागलं. तिने मान हलवली. त्याने पेटी वर चढवून दिली आणि खाली येऊन उभा राहिला. कोंबडा कापला नाही, तो म्हणाला. सुरी घेऊन दोनदा गेलो होतो. बरं झालं, ती म्हणाली. मग त्याने जमिनीकडे बघत सांगितलं, की सात महिने रोज वाटतंय, मी ते चौथं खोकं आणलंच नसतं तर.

“आर्मां, पॅरिसला काय झालं ते तुला सांगायचंय,” ती म्हणाली. “त्यांनी मला विचारलं, तुमच्यासाठी वेगळं खोकं का येत होतं. पाच म्हातारे होते टेबलापलीकडे. मी म्हटलं, अंडी आणणाऱ्याचं माझ्यावर प्रेम होतं.”

त्याने वर पाहिलं.

“मग त्यांनी विचारलं, तुम्ही तपासलं का नाही. मी म्हटलं, माझंही त्याच्यावर आहे. एकजण खोकला. चिटणिसाने लिहून घेतलं.”

“तू… तिथे सांगितलंस?”

“तुला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं, याचंच वाईट वाटतंय.” ती थांबली. “अध्यक्ष चांगला माणूस होता. मला वाचवायलाच विचारलं त्याने. म्हणाला, ठीक आहे मादम्वाझेल, पुन्हा असं होणार नाही, एवढं सांगा.”

“मग?”

“मी विचार केला. उद्या तू पुन्हा काही घेऊन आलास, माझ्यासाठी म्हणून वेगळं काढलेलं… तर मी ते आधी उजेडासमोर धरून बघेन का? मी म्हटलं, सांगता येत नाही.”

फलाटावर शिट्टी झाली.

“एवढं तरी खोटं बोलायचंस गं,” तो म्हणाला.

“ठरवून गेले होते. जमलं नाही.”

“मग राहा ना. वर चल माझ्याबरोबर. बाबा रोज विचारतात.”

“आत्ता आले तर रोज सकाळी उठून तुला माफ करत बसेन. तुलाही ते सोसणार नाही.” तिने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली, उगाच. “मी जाते. शिकवते. मुलांना सांगते, आपलं ते आधी तपासा.”

“आणि नाताळला?”

“तू ये. कोंबड्यांना सोडून दोन दिवस येता आलं तर ये.”

येतो, असं तो म्हणाला नाही. त्याचे वडील उठून कोंबड्यांना दाणे टाकू शकत नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. गाडी हलली तसा तो तिच्या खिडकीबरोबर चालत राहिला, फलाट संपेपर्यंत.

ओदील ल्योंपर्यंत रडली नाही. ल्योंला गाडी बदलायची होती. तिथे एका बाकावर बसून, पेटी पायाशी ठेवून, ती पोटभर रडली आणि लीलची गाडी लागली तेव्हा डोळे पुसून उठली.